‘माझे आवडते वाद्य – सनई’ : निबंधात आहे, गावात किती दिवस?



‘माझे आवडते वाद्य’ हा निबंध आपण सगळेच लिहून घेतो. वर्गातली निम्मी मुलं बासरी लिहितात, कारण कृष्ण. गणपती नुकतेच होऊन गेले असतील तर ढोल-ताशा. दोन-चार जण गिटार लिहितात, ज्यांनी गिटार फक्त मोबाईलवर पाहिलेली असते. आणि एखादा सनई लिहितो. ती तीन वाक्यं तुम्हाला पाठ असतील. सनई हे मंगलवाद्य आहे. लग्नात सनई वाजवतात. बिस्मिल्ला खाँ हे प्रसिद्ध सनईवादक होते. झाला निबंध. आपण ‘छान’ लिहितो आणि पुढची वही घेतो.

तीनही वाक्यं बरोबर आहेत. पण आमच्या भागात (सोलापूर जिल्हा, कर्नाटकची हद्द जवळच) सनई वाजवणारी घरं अजून आहेत आणि त्या घरांतली मुलं आपल्याच वर्गात बसतात. या निबंधात त्या मुलाच्या आज्ज्याला कुठेच जागा नाही. तो मुलगा स्वतःसुद्धा ‘माझे आवडते वाद्य – बासरी’ असंच लिहितो. माझ्या वर्गातल्या एकाने लिहिलं होतं. त्याच्या घरी भिंतीवर कापडात गुंडाळलेल्या दोन सनया आणि एक सूर टांगलेला आहे, हे मला ठाऊक होतं. मी विचारलं, सनई का नाही लिहिली रे? तर म्हणाला, “सर, ती आमच्यातली हाय, आवडती न्हाई लिहायची.”

यावर मला काय वाटतं ते आज लिहितो. काहींना पटणार नाही, चालेल.

आधी थोडं वाद्याविषयी, कारण शिकवतानाच आपण गडबड करतो. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत बासरी, सनई, पुंगी ही सगळी ‘सुषिर वाद्ये’. (मुलं ‘सुशीर’ म्हणतात, आणि एका मुलीने विचारलं होतं की सुशीर हे वाजवणाऱ्याचं नाव आहे का.) फुंकून वाजतात एवढंच त्यांच्यात साम्य. बासरीत आपण भोकाच्या काठावर फुंकर मारतो, तिथे थरथरणारी पट्टी नसते. पुंगीत किंवा वारली लोकांच्या तारप्यात एकेक पत्ती नळीवर आपटत असते. सनईत मात्र दोन पत्त्या समोरासमोर असतात, अगदी मिटलेल्या ओठांसारख्या. मधली फट केसाएवढी. त्यातून हवा रेटली की पत्त्या मिटतात-उघडतात, सेकंदाला शेकडो वेळा, आणि तो थरकाप खालच्या लाकडी नळीत जाऊन सूर होतो. या जोडपत्तीला आपल्याकडे जिव्हाळी म्हणतात. जीभ वरून जिव्हाळी. कुणी नुसतंच ‘पत्ती’ म्हणतात. मुलांना मी जिव्हाळी हा शब्द आवर्जून देतो, ‘जिव्हाळा’ त्यांना माहीत असतोच, त्यामुळे शब्द विसरत नाहीत.

जगात ही जोडपत्तीची मोठी भावंडं आहेत. तुर्कस्तानची झुर्ना, युरोपचे ओबो आणि बसून, तमिळनाडूचं नादस्वरम. पण आपल्या घरचंच एक सांगतो जे पुष्कळ शिक्षकांनाही माहीत नसतं. सुंदरी. सनईसारखीच, पण आखूड, म्हणून आवाज उंच आणि धारदार. अक्कलकोट-सोलापूरकडच्या जाधव घराण्याने ती मैफलीत नेली. सिद्धराम जाधव, पुढे चिदानंद जाधव, भीमण्णा जाधव ही नावं शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना माहीत आहेत. आपल्याच जिल्ह्यातलं एवढं दुर्मीळ वाद्य, आणि आपल्या सामान्यज्ञान चाचणीत ‘व्हायोलिनला तारा किती’ विचारतात. असो.

दुर्मीळ म्हटलं की आपल्याला लगेच वाटतं, विकत घेऊन ठेवू या. शाळेला लोकवर्गणीतून काही पैसे मिळाले की ‘वाद्यांचा कोपरा’ करतात. मी दोन-तीन शाळांत पाहिलाय. हार्मोनियम, तबला, लेझीम, झांजा आणि काचेच्या कपाटात एक सनई. ती सनई मी हातात घेऊन पाहिली. लाकूड चकचकीत, खाली पितळेचं फूल, आणि वर जिव्हाळी नाही. म्हणजे ती वाजूच शकत नाही. तबल्याची शाई उडाली तरी त्यातून धप्प असा का होईना आवाज येतो. जिव्हाळी नसलेली सनई म्हणजे भोकं पाडलेलं लाकूड.

आणि जिव्हाळी आणून लावली तरी ती कायमची नसते. कुणी ताडाच्या पानाची करतो, कुणी एका जातीच्या गवताची. सुकते, चिरते, थुंकीने सैल पडते. वाजवणारा सनईला दोऱ्याने चार-पाच जिव्हाळ्या आणि एक बारीक सुई बांधून ठेवतो. सुईने फट नीट करायची, एक बसली की दुसरी लावायची. वाजवण्याआधी ती तोंडात धरून ओली करायची. भोकं सात ते नऊ, त्यातलं एखादं मेणाने थोडं बुजवून सूर जागेवर आणायचा. हे सगळं ज्याच्या हाताला येतं त्याच्याकडे सनई ‘आहे’ असं म्हणता येईल. बाकीच्यांकडे, माझ्या मते, शोभेची वस्तू आहे.

बिस्मिल्ला खाँ साहेबांच्या घरची गोष्ट बऱ्याच जणांनी पेपरात वाचली असेल. १९४७ साली लाल किल्ल्यावर वाजवलेले, २००१ साली भारतरत्न मिळालेले खाँ साहेब २००६ साली गेले. दहा वर्षांनी त्यांच्या मुलाच्या वाराणसीच्या घरातून, मोठमोठ्या लोकांनी भेट दिलेल्या चांदीच्या सनया चोरीला गेल्या. पोलिसांनी तपास केला, घरातल्याच एकाला पकडलं, आणि हाती लागली ती सराफाकडे वितळवलेली चांदी. बातमी वाचून सगळे हळहळले. मीही. पण मला दुसरंही वाटलं. चांदीच्या सनईला वजनाने भाव असतो म्हणून ती चोरीला जाते. खाँ साहेबांची फुंक आणि बोटं कुणी चोरून नेऊ शकला नसता. ती शिकावीच लागली असती.

तमिळनाडूत कुंभकोणमजवळ नरसिंगपेट्टै नावाचं गाव आहे. तिथलं नादस्वरम प्रसिद्ध. ‘आच्छा’ नावाचं लाकूड वापरतात, तेही जुन्या घरांचं, वर्षानुवर्षं मुरलेलं. हे झाड म्हणजे आपल्या खानदेशातलं अंजन. २०२२ साली तिथल्या नादस्वरमला भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या सोलापुरी चादरीला आहे तसं. चांगलं झालं. मानांकन मिळालं की वस्तूची नक्कल थांबते, बनवणाऱ्याला नाव मिळतं. पण त्याने वाजवायला शिकणारं पोर तयार होत नाही. ते काम शाळेच्या वयातच व्हावं लागतं, आणि इथे आपला संबंध येतो.

आता त्या मुलाकडे येतो. नाव सांगत नाही. पाचवीत आहे. लग्नसराई सुरू झाली की तो गैरहजर. तुळशीच्या लग्नानंतर थोडे दिवस, मग माघ-फाल्गुनात, मग थेट उन्हाळ्यात. आज्जा सनई वाजवतो, चुलता डफ, आणि हा सूर धरतो. सूर म्हणजे एकच स्वर सलग धरून ठेवणारी सनई. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. गालात हवा साठवायची, नाकाने श्वास घ्यायचा, आणि श्वास घेताना गालातली हवा सोडत राहायची म्हणजे सूर तुटत नाही. मी स्वतः पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ घालून, बुडबुडे न थांबवता, करून पाहिलं. दहा सेकंदांत खोकला. हा अकरा वर्षांचा पोरगा सप्तपदी संपेपर्यंत धरतो.

आमच्या हजेरीपटात या सगळ्याची नोंद एकच: ‘गै’. मग त्याचं नाव अनियमित विद्यार्थ्यांच्या यादीत. केंद्रप्रमुख आले की विचारतात, गृहभेट दिली का? दिली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं, शिक्षण हमी कार्ड अशा काही सोयी तरी निघाल्या. आठवड्यात दोन दिवस जाणारा वाजंत्र्याचा पोरगा कुठल्याच रकान्यात बसत नाही.

त्या गृहभेटीत आज्जा ओट्यावर बसून जिव्हाळी बांधत होता. मला बसायला पोतं टाकलं. मी म्हटलं, “आप्पा, पोराची शाळा बुडतीय.” तो दोरा दातात धरूनच म्हणाला, “गुरुजी, शाळा बुडतीय ते खरं हाय. पर मी गेलो की हे बी बुडंल. कुणाचं आधी बुडवू सांगा.” पोराचा बाप आतून आला. तो बांधकामावर सेंट्रिंगचं काम करतो. तो म्हणाला, “सर, मला तर वाटतंय त्यानं हे हातात धरूच नये. लग्नात आमाला मांडवाच्या भाईर बसवत्यात. शेवटच्या पंगतीला जेवाय. माझ्या पोरानं ते बघू नये.”

तुम्हीच सांगा, दोघांत चुकीचा कोण?

मला बापाचं म्हणणं आधी मांडायचंय, कारण कलाप्रेमी लोक ते विसरतात. सनई ही आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जातीने वाटून दिलेली होती. कुठे गुरव, कोकणात घडशी, आमच्या इकडे होलार, कोरवी. गावकीचं काम म्हणून वाजवायचं, मोबदला म्हणजे धान्य, शिळंपाकं. मंगलवाद्य म्हणायचं आणि वाजवणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. बाबासाहेबांच्या विचाराने जागे झालेल्या अनेकांनी असली गावकीची कामं ठरवून सोडली आणि योग्यच केलं. तेव्हा ‘परंपरा जपा’ असा उपदेश शिक्षकाने त्या बापाला करणं मला लाजिरवाणं वाटतं. आपल्या पोराला आपण इंग्रजी शाळेत घालणार आणि त्याच्या पोराला सांगणार की बाबा रे तू आज्ज्याची सनई सांभाळ!

पण आज्जा म्हणतो तेही खोटं नाही. मंगल कार्यालयात आता सनई पेनड्राइव्हवर वाजते. मुहूर्ताला डीजेवाला दोन मिनिटं थांबतो, रेकॉर्डिंग लावतो, अक्षता पडल्या की पुन्हा ‘झिंगाट’. सवाई गंधर्व महोत्सव सनईने सुरू होतो, देवळांत कुठेकुठे पहाटे नगारखान्यात चौघडा वाजतो, गोव्याच्या देवळांत अजून बऱ्यापैकी आहे. तरीही आमच्या पंचक्रोशीत जिव्हाळी स्वतः करणारे मी विचारपूस करून मोजले तर चारच निघाले, आणि चौघेही साठीच्या पुढचे.

माझं मत असं की ही सनई फक्त त्या एका मुलाच्या गळ्यात अडकवणं बंद करा. ती सगळ्या वर्गाच्या हातात द्या. जे वाद्य पाटलाच्या पोरीने, शिंप्याच्या पोराने, सगळ्यांनी फुंकून पाहिलं, ते ‘आमच्यातलं’ राहत नाही. बापाला वाद्याची लाज नव्हती, मांडवाबाहेरच्या जागेची होती. आज्जा शाळेत आला, खुर्चीवर बसला, मुलांनी त्याला ‘सर’ म्हटलं आणि शाळेने त्याला दिवसाचे पैसे दिले, तर जागा बदलते.

पैसे हा शब्द मुद्दाम लिहिला. आपण शाळेत कलाकार बोलावतो आणि शाल-नारळ देऊन पाठवतो. डॉक्टरला किंवा संगणक दुरुस्तीवाल्याला आपण नारळ देऊन पाठवतो का? लग्नाची एक सुपारी सोडून तो माणूस आला, तर तेवढी रक्कम देण्याची तयारी हवी. नसेल तर लग्न नसलेल्या दिवशी बोलवा आणि तरीही काहीतरी द्या.

वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न आता पूर्वीइतका अवघड नाही. प्राथमिक शाळांत ‘आनंददायी शनिवार’ आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितलेत, त्यात सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडून शिकायचं आहे. तिथे सनईवाला अगदी बसतो. जिव्हाळी करताना पाहणं हा कार्यानुभवच आहे की.

कुणी म्हणेल, सनई शिकवण्यात शाळेने कशाला पडायचं. बाहेरची एक गोष्ट सांगतो. युरोपात बसून नावाचं जोडपत्तीचं मोठं वाद्य आहे, नळी उलगडली तर साधारण अडीच मीटर. वाद्य महाग, मुलांच्या हातात मावत नाही, जिव्हाळीचा तोच त्रास, म्हणून शिकणारी मुलं कमी होत गेली. तेव्हा नेदरलँड्समध्ये २०१५ साली वाजवणाऱ्यांनीच बसून वाचवा अशी मोहीम काढली. आज तिकडे लहान हातांसाठी छोटे बसून मिळतात. म्हणजे ज्यांच्याकडे मोठमोठे वाद्यवृंद आहेत त्यांनाही शेवटी मुलांपर्यंत जावं लागलं. आपल्याकडे तर सनई आधीच लहान आहे, आणि सुंदरी त्याहून लहान.

वर्गात सुरुवात सनईपासून करू नका, पिपाणीपासून करा. आपण सगळ्यांनी लहानपणी केलंय. पिंपळाचं पान गुंडाळून त्याचं टोक दाबायचं आणि फुंकायचं. पावसाळ्यात उकिरड्यावर रुजलेली आंब्याची कोय दगडावर घासून वाजवायची. ती घासलेली कोय म्हणजे दोन दळांची जोडपत्तीच. पान-कोय नसेल तर स्ट्रॉ घ्या. एक टोक दातांनी चपटं करायचं, दोन्ही कोपरे कात्रीने तिरके कापायचे म्हणजे चोच होते. ती चोच ओठांच्या आत धरून जोरात फुंकायचं. पहिल्यांदा नुसती हवा जाते. चोच थोडी दाबली की ‘पें’ असा आवाज येतो आणि वर्ग आपल्या हातात राहत नाही, याची तयारी ठेवा. मग वाजता वाजता कात्रीने स्ट्रॉचं दुसरं टोक कापत जा. आवाज चढत जातो. सनईपेक्षा सुंदरी उंच का वाजते, हे त्या कात्रीने कळतं. नंतर मधे भोकं पाडा. प्रत्येकाची स्ट्रॉ वेगळी हवी, तोंडात जाते म्हणून. आणि त्याच कारणाने आज्ज्याची सनई पस्तीस मुलांनी एकामागोमाग फुंकायची नाही. पाहायची, ऐकायची, बोटं ठेवून बघायची. खरोखर शिकायची इच्छा असलेल्यांना वेगळी जिव्हाळी.

हजेरीबद्दलही सांगतो. तो सुराला गेला की हजर मांडा असं मी म्हणत नाही, ती खोटी नोंद होईल. पण प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदी आपण लिहितोच. ‘चित्रे छान रंगवतो’, ‘गटात मिसळतो’ हे लिहिणाऱ्या पेनाने ‘सनईवर सूर सलग धरतो, जिव्हाळी बांधायला मदत करतो’ हे लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. मी यंदा पहिल्या सत्रात लिहिलं. आणि बुडालेल्या दिवसांचा अभ्यास सोमवारी मधल्या सुट्टीनंतर भरून घेतो. भागाकारात तो अजून कच्चा आहे, ते सनईने भरून निघणार नाही, आणि तसं आज्ज्यालाही सांगितलंय.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडला. एका सदस्यांनी विचारलं, सनई कशाला, कराटे शिकवा की. दुसरे म्हणाले, बोलवा, पण पंधरा ऑगस्टला पाहुणे येतात तेव्हा दारात वाजवू द्या, चांगलं दिसेल. मी म्हटलं, दारात नको, वर्गात. दारात वाजवायलाच तर ते आजवर बोलावले जात होते. यावर थोडी शांतता झाली. ठराव पुढच्या बैठकीवर गेलाय. मानधनाची रक्कम किती, यावर गाडी अडली आहे. मुलाच्या बापाला मी बैठकीला बोलावलंय, कारण आज्ज्याला यायचं असलं तरी पोराच्या वर्गात सनई वाजावी की नाही हे त्याला विचारल्याशिवाय मी ठरवणार नाही. त्याने अजून हो म्हटलेलं नाही. “बघू सर, खुर्ची कुठं ठेवताय त्ये आधी बघतो” एवढंच म्हणाला.

तुमच्या गावात जिव्हाळी करणारं कुणी असेल, आणि तुम्ही शाळेत बोलावलं असेल, तर मानधन कोणत्या खर्चातून दिलं ते जरूर कळवा. पुढच्या बैठकीत उपयोगी पडेल.